माड, मीठ आणि लस

शीव या शब्दाचा अर्थ मराठी माणसाला सांगावा लागत नाही. गावाची हद्द ती शीव. मुंबई बेट जिथे संपत असे आणि खाडीपलीकडे साष्टीचा मुलूख सुरू होत असे, त्या टोकाला हे नाव पडले. पोर्तुगीजांनी आणि मागून इंग्रजांनी ते आपल्या जिभेला मानवेल तसे वाकवून ‘सायन’ केले, आणि आज रेल्वेच्या पाटीवर ते दोन्ही तऱ्हांनी वाचावयास मिळते. या शिवेच्या पूर्वेला, अँटॉप हिलच्या अंगाला आमचा शीव कोळीवाडा. शहराचे म्हणून जे काही शहराच्या आत नको असते, ते शिवेबाहेर टाकण्याची रीत जुनीच आहे. त्यामुळे आमच्या आसपास काय काय येऊन पडले पाहा: धारावीत कातडी कमावण्याचे कारखाने, वडाळ्याला १८९० साली उघडलेला महारोग्यांचा आश्रम, दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या बराकी, आणि फाळणीनंतर त्याच बराकींत पंजाब-सिंधकडून आलेली निर्वासित कुटुंबे.

परंतु दिवाळीच्या दिवसांत वाचकांना कातडी आणि महारोग यांच्या गोष्टी सांगण्याचा माझा विचार नाही. मला सांगावयाचे आहे ते या शिवेच्या पोटापाण्याविषयी. शहर येण्यापूर्वी इथली माणसे कशावर जगत होती, ते उत्पन्न कोणी कसे नेले, आणि त्या जागी काय उभे राहिले. ही हकिकत शीव, माटुंगा, दादर, वडाळा आणि परळ एवढ्याच टापूतली आहे. तीत मासळी आहे, मीठ आहे, माडी आहे, आणि सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे जगाला लस पुरविणारी एक प्रयोगशाळाही आहे.

प्रथम मिठाचे सांगतो, कारण ते लवकर आटोपते. शिवेच्या पूर्वेला सगळे खाजण. उधाणाचे पाणी आत येई, ओहोटीला परत जाई आणि मागे चिखल राही. पावसाळा सरला की आगरी लोक या चिखलात उतरत. बांध दुरुस्त करावयाचे, कोंड्यांचा तळ पायांनी तुडवून तुडवून घट्ट करावयाचा, मग उधाणाचे पाणी मोठ्या कोंडीत घेऊन तिथून ते एकाहून एक उथळ कोंड्यांत फिरवावयाचे. ऊन आणि वारा पुढचे काम करतात. पाणी दाट होत होत शेवटच्या कोंडीत खडे धरू लागले की लाकडी दाताळ्याने ते ओढून काठावर रास करावयाची. माघापासून जेष्ठाचा पहिला पाऊस येईपर्यंत हे चाले. पायांना भेगा, डोळ्यांना चकाकी, आणि मजुरी बेताची. या मिठावर सरकारने १८८८ साली मणामागे अडीच रुपये कर बसविला होता. मीठ पिकवावयास लागणारा खर्च काही आण्यांत मोजण्यासारखा, आणि कर रुपयांत! तेव्हा १९३० साली मे-जून महिन्यांत वडाळ्याच्या मिठागरांवर सत्याग्रहींच्या टोळ्यांमागून टोळ्या चालून गेल्या आणि १ जून रोजी सुमारे पंधरा हजार माणसे त्या चिखलात उतरली, तेव्हा त्यांनी उचललेल्या मुठीत काय होते हे वडाळ्याच्या आगऱ्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

मासळीचेही फार लांबवीत नाही. शीवचे कोळी वेसावे-वरळीच्या कोळ्यांसारखे भर समुद्रातले नव्हेत. ते खाडीचे कोळी. पाग टाकून बोय धरावेत, डोल लावून कोळंबी काढावी, ओहोटीला चिखलात शिरून चिंबोऱ्या आणि निवट्या पकडाव्यात, खडकावरची कालवे फोडावीत, हा त्यांचा धंदा. पुरुष पकडतो आणि बाई विकते. पैसा बाईच्या हाती, म्हणून घरात शब्दही बाईचा. डोईवर पाटी घेऊन ती चालत माटुंगा, दादर, परळ, लालबाग करी. पुढे गिरण्या उभ्या राहिल्यावर तिला मोठे गिऱ्हाईक मिळाले, कारण कोकणातून आलेल्या गिरणगड्याला मासळीवाचून जेवण म्हणजे उपास.

आता माडांकडे वळू. इथे थोडे थांबावेसे वाटते, कारण ही वस्तू आता या टापूत डोळ्यांना दिसत नाही आणि ती किती मोठी होती याची कल्पना नव्या पिढीला नाही. माहीमपासून दादर, माटुंगा, शीवपर्यंत एके काळी माडांची आणि ताडांची बने होती. सखल भागात भातखाचरे आणि उंचवट्यावर झाडे. इंग्रजांच्या जुन्या लिखाणात ‘माहीमचे रान’ म्हणून ज्याचा उल्लेख येतो ते हेच. युरोपात द्राक्षमळ्याला जे स्थान, ते या बेटावर माडाच्या वाडीला होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. तिच्यावर मालकाचे घर चाले, चढणाऱ्याचे पोट भरे, सरकारचा खजिना भरे, आणि संध्याकाळी श्रमलेल्या माणसाला दोन घटका विसरही पडे.

चढणारा तो भंडारी. हे लोक या बेटाचे फार जुने रहिवासी. सतराव्या शतकात गव्हर्नर ऑंजियरने मुंबईचे रक्षण करण्यासाठी जी देशी फौज उभी केली तीत भंडाऱ्यांचा भरणा होता. शीवच्या टेकडीवरचा किल्लाही त्याच्याच कारकिर्दीत, १६६९ ते १६७७ च्या दरम्यान बांधला गेला. एका अंगाने लढवय्ये आणि दुसऱ्या अंगाने बागाईतदार, अशी ही जात. माडी काढणे म्हणजे झाडावर चढून मडके बांधणे, असे पुष्कळांना वाटते. तसे ते नाही. माडाचा फुलोरा उमलण्यापूर्वी एका लांबट कवचात मिटलेला असतो, त्याला पोय म्हणतात. ही पोय आवळून बांधावयाची, म्हणजे ती फुटत नाही. मग काही दिवस ती रोज हलक्या हाताने सर्व बाजूंनी ठोकावयाची. जोराने ठोकली तर नासते, हलकी ठोकली तर रस सुटत नाही. किती ठोकावयाची हे हातालाच कळते आणि हाताला ते बापाकडून येते. पुढे टोक धारदार कोयतीने कापले की रस ठिबकू लागतो. मडके अडकवावयाचे. सकाळी उतरवावयाचे, संध्याकाळी उतरवावयाचे, आणि प्रत्येक वेळी टोकाची अगदी पातळ चकती छाटावयाची. एकदा हे काम धरले की खाडा नाही. सण नाही, सुतक नाही, ताप नाही. एक दिवस चुकला तर पोय आटते. भंडाऱ्याने एका दिवसात किती झाडे चढावी-उतरावी आणि त्यातले एखादे झाड पावसात कसे निसरडे असावे, याचा विचार वाचकांनी आपल्या मनाशी करावा. झाडावरून पडलेल्या माणसांच्या हकिकती भंडारी घरांतून आजही निघतात.

पहाटेच्या थंडाव्यात उतरविलेला रस गोड असतो, ती नीरा. मडक्याला आतून चुना फासला तर ती अधिक काळ गोड राहते. ऊन वर आले की ती आंबू लागते आणि दुपारपर्यंत तिची माडी होते. भट्टीवर चढवली की दारू. पण माडीचा उपयोग पिण्यापुरताच नव्हता. तिचा गूळ होतो, सिरका होतो, आणि पाव फुगविण्यासाठी पोर्तुगीजांच्या मुलखात पीठ माडीनेच आंबवीत. ज्या पोयीची माडी काढली तिला नारळ धरत नाहीत, म्हणून मालकाला दरसाल हिशेब करावा लागे: नारळ ठेवावे की माडीला द्यावे? खोबरे, तेल, काथ्या, झावळ्या एकीकडे आणि भंडाऱ्याकडून मिळणारा रोख खंड दुसरीकडे. वाडीचा मालक आणि झाडावर चढणारा हे बहुधा निरनिराळे असत. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, ती पुढे लागणार आहे.

कोळी आणि भंडारी यांचा एक चमत्कारिक संबंध होता. विकून उरलेली, सडलेली मासळी माडांच्या मुळाशी खत म्हणून पुरीत. खाडीने द्यावे आणि माडाने घ्यावे! माड त्यावर चांगले पोसत, परंतु घाण इतकी सुटे की नाके धरावी लागत. १६७० च्या दशकात मुंबईस आलेल्या फ्रायर नावाच्या इंग्रज डॉक्टराने मुंबईच्या रोगट हवेचा दोष या खताच्या माथी मारला. तेव्हा बेटावर येणारे इंग्रज तापाने भराभर मरत आणि वास हेच रोगाचे मूळ अशी सर्वांची समजूत होती. कंपनी सरकारने या खतावर कधी बंदी घालावी, आणि वाड्यांचे उत्पन्न घसरले, वसूल कमी आला की ती सैल करावी, असा खेळ पुढे चालला. आरोग्य मोठे की वसूल मोठा, हा प्रश्न सरकारला तेव्हाही सुटत नव्हता. ताप मासळीच्या वासाने येत नाही, डासाने येतो, हे कळावयास १८९७ साल उजाडावे लागले. आणि मुंबईचा हिवताप पसरविणारे डास शहरातल्या विहिरींत वाढतात, हे बेंटली या डॉक्टराने १९११ साली दाखवून दिले. बिचारे माड दोनशे वर्षे बदनाम झाले ते झालेच.

माडांवर पहिला घाव कुऱ्हाडीचा पडला नाही, कायद्याचा पडला. मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा १८७८ साली झाला. त्याअगोदरही झाडांवर कर होताच. परंतु या कायद्याने माडी काढणे, विकणे, गाळणे यांतली प्रत्येक पायरी परवान्यात बांधली गेली. ज्या झाडाचा कर भरला त्यावर खूण, ज्याचा भरला नाही त्यावर चढणे हा गुन्हा. घरच्या भट्ट्या बंद करून दारू ठरावीक कारखान्यांतून निघावी आणि मक्तेदारामार्फत विकली जावी, ही नवी पद्धत. याने दारू कमी झाली असे समजण्याचे कारण नाही. गिरण्यांच्या वस्तीत गुत्ते वाढतच होते. गेले ते एवढेच, की झाडापासून गिऱ्हाइकापर्यंतचा सगळा धंदा जो भंडाऱ्याच्या हाती होता, त्यातला चढण्याचा कष्ट त्याच्याकडे राहिला आणि नफ्याचा भाग मक्तेदार व सरकार यांजकडे गेला.

दुसरा घाव आला तो उंदराच्या पाठीवर बसून. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी बंदराच्या वस्तीत डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी एका विचित्र तापाचे निदान गाठीचा प्लेग असे केले. त्यानंतरच्या काही महिन्यांत मुंबई कशी ओस पडली याची वर्णने पुष्कळांनी वाचली असतील. १८९१ च्या खानेसुमारीत शहराची वस्ती ८,२१,७६४ होती. १९०१ च्या खानेसुमारीत ती ७,७६,००६ भरली. दहा वर्षांत वाढत्या शहराची वस्ती घटावी, हे एका आकड्यातच सारे सांगून जाते.

त्याच ऑक्टोबरात हाफकिन मुंबईस आला. मूळचा ओडेसाचा ज्यू, पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत काम केलेला, पटकीची लस शोधून तीन वर्षे हिंदुस्थानात टोचीत फिरलेला. वय छत्तीस. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला जागा मिळाली ती एका खोलीएवढी, आणि हाताखाली एक कारकून व दोन-तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्याने तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली. तिची कृती ऐकण्यासारखी आहे. मांसाचा रस्सा काढून त्यात प्लेगचे जंतू वाढवावयाचे. इथल्या लोकांच्या धर्मभावनेचा विचार करून त्याने बकऱ्याचे मांस वापरले. आणि त्या रश्शावर तुपाचे थेंब सोडावयाचे! त्या तरंगत्या तुपाला धरून जंतू खाली लोंबत वाढतात, गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळे लोंबावेत तसे. मग पात्र हलवावयाचे, ते सुळे तळाला बसले की पुन्हा नवे वाढू द्यावयाचे. शेवटी उष्णता देऊन जंतू मारावयाचे. आपल्या स्वयंपाकघरातले तूप प्रयोगशाळेत जाऊन बसले, हे वाचून आमच्या शाळेतल्या मुलांना मोठी गंमत वाटते. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दंड सुजला, तो निजला आणि उठून पुन्हा कामाला लागला.

लोक टोचून घेईनात. सुईविषयी नाना अफवा. तेव्हा तरुण आगाखानांनी चारचौघांदेखत स्वतःला टोचून घेतले आणि प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला. तरीही जागा पुरेना. शेवटी १८९९ च्या ऑगस्टात ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली. हा वाडा म्हणजे आधी पाद्र्यांचा मठ, मग इंग्रज गव्हर्नरांचे निवासस्थान. भोवती बाग, तळे, झाडी. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी याच वाड्यात पटकीने वारली आणि नंतर गव्हर्नरांनी मलबार हिल जवळ केला. ज्या घरातून पटकीने राज्यकर्त्यांना हुसकावले, त्याच घरात पटकीची लस काढणारा माणूस राहावयास यावा, यास काय म्हणावे!

पुढच्या पंचवीस वर्षांत परळच्या त्या वाड्यातून लसीच्या बाटल्या सगळ्या हिंदुस्थानात आणि देशोदेशी गेल्या. १८९७ ते १९२५ पर्यंत मुंबईहून सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा पाठविल्या गेल्या असा हिशेब आहे. मध्ये एक काळा दिवसही आला. १९०२ साली पंजाबातल्या मलकोवाल गावी एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली आणि ठपका हाफकिनवर आला. बाटली उघडताना तिथेच चिमटा अशुद्ध झाला होता हे सिद्ध होऊन त्याच्यावरचा कलंक धुतला जाईपर्यंत १९०७ साल उगवले, आणि तोवर परळ त्याच्या हातून गेले होते. १९२५ साली संस्थेला त्याचे नाव मिळाले. लालबाग-परळच्या पोरांना मात्र ती ठाऊक असे ती सापांमुळे. तिथे सापाचे विष काढतात आणि घोड्याला टोचून त्यावरचे औषध करतात, ही वार्ता चाळीचाळीत सांगितली जाई.

आता प्लेगने दुसरे काय केले ते पाहू. माझ्या मते इथे खरी गाठ आहे. ज्या रोगापायी परळला प्रयोगशाळा आली, त्याच रोगापायी १८९८ साली मुंबईत सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. मध्य वस्तीतली दाट, अंधारी घरे पाडावयाची, रुंद रस्ते काढावयाचे आणि माणसांना राहावयास उत्तरेकडे मोकळी जागा द्यावयाची, हे त्याचे काम. मोकळी जागा कोणती? नकाशावर दादर, माटुंगा, शीव हा भाग मोकळा दिसत होता. तिथे माड होते, ताड होते, भातखाचरे होती, त्यांवर जगणारी माणसे होती. परंतु नकाशा काढणाऱ्याच्या लेखी घर नाही म्हणजे जागा रिकामी. दादर-माटुंगा ही ट्रस्टची पाचवी योजना आणि शीव-माटुंगा सहावी. खाचरे भरली, झाडे तोडली, आखीव रस्ते आले. आज ज्या हिंदू कॉलनीत, पारशी कॉलनीत, फाइव्ह गार्डन्सच्या सावलीत माणूस सकाळी फिरावयास जाऊन मुंबईत अशीही जागा आहे म्हणून धन्यता मानतो, ती या योजनांची फळे. फळे गोड आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. दाट चाळीतून निघून त्या वस्तीत आलेल्या कुटुंबांची मुले उजेडात वाढली. तक्रार आहे ती हिशेबाची. जमीन घेताना मालकाला मोबदला मिळाला. झाड हीही मालमत्ता, तिचेही मोल झाले असेल. पण दुसऱ्याच्या झाडावर दरसाल खंड देऊन चढणाऱ्या माणसाचे त्या वहीत कोणते पान? पोय किती ठोकावी हे जाणणाऱ्या हाताचे मोल कोणत्या सदरात मांडावयाचे? भंडाऱ्यांची मुले पुढे गिरण्यांत गेली, छापखान्यांत गेली, पोलिसांत, गोदीत गेली, शिकून मास्तर-कारकून झाली. ती आपल्या कर्तबगारीने वर आली. वहीतल्या त्या पानावर मात्र काही लिहिले गेले नाही.

उरल्यासुरल्या झाडांना तिसरा घाव दारूबंदीचा. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबईत ती प्रथम आली, आणि १९४९ च्या कायद्याने १९५० सालच्या एप्रिलपासून पुरती. हेतू थोर होता यात शंका नाही. गिरणगावातल्या किती बायकांनी तिला दुवा दिला असेल! परंतु माडीबरोबर बंदी झाडालाही झाली आणि पिणारा काही थांबला नाही. धारावी-अँटॉप हिलच्या चिखलात, ज्या खाजणांत मीठ पिकत असे त्यांच्याच काठावर, हातभट्ट्या पेटल्या. झाडावरचे स्वच्छ मडके गेले आणि गटारात पुरलेला पत्र्याचा डबा आला. या व्यवहाराने आमच्या शिवेची जी अपकीर्ती झाली ती धुऊन काढावयास दोन पिढ्या लागल्या. असो.

प्रयोगशाळा मात्र वाढत गेल्या. माटुंग्याला १९२४ साली कापसाची प्रयोगशाळा निघाली. कापसाच्या गासड्यांवर पट्टी बसवून तिचा खर्च चालविला गेला. विदर्भ-खानदेशातल्या शेतकऱ्याच्या कापसाचा तंतू किती लांब, किती चिवट, त्याचे किती नंबरी सूत निघेल, हे माटुंग्याला ठरे. १९३३ साली विद्यापीठाने रसायनतंत्राचा विभाग काढला आणि तो १९४३ साली माटुंग्यास आला. देशातले कितीतरी रंगांचे, औषधांचे, तेलांचे कारखाने तिथून निघालेल्या विद्यार्थ्यांनी काढले. आणि १९५४ साली आमच्यासमोर, खाडीपलीकडे तुर्भ्याच्या डोंगराखाली अणुशक्तीचे केंद्र उभे राहू लागले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तिथे अप्सरा ही आशियातली पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक सुरू झाली. देशाला अभिमान वाटावा असे हे काम. त्या काठच्या कोळ्यांना मात्र एवढेच कळले की डोंगराखालच्या पाण्यात आता होडी न्यावयाची नाही.

असे होणे अटळच होते काय? अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळ लिव्हरमोर नावाचे एक शहर आहे. १८८० च्या दशकात तिथे द्राक्षमळे लागले. तिथेही १९२० पासून तेरा वर्षे दारूबंदी होती. चर्चच्या विधीसाठी लागणारा द्राक्षासव करावयास परवानगी होती, त्या आधाराने काही मळे तगले. १९५२ साली तिथे अण्वस्त्रांची प्रचंड प्रयोगशाळा आली, हजारो पगारदार आले, घरांना जागा हवी झाली. तेव्हा १९९३ साली तिथल्या लोकांनी असा नियम केला की मळ्यांच्या भागात ज्याला घरे बांधावयाची असतील त्याने त्या प्रमाणात द्राक्षमळा कायमचा राखला पाहिजे. आज तिथे शास्त्रज्ञ आणि द्राक्षबागाईतदार एकाच गावात नांदतात. तिथली माणसे आपल्याहून शहाणी, असे मी म्हणणार नाही. एक फरक ठळक दिसतो: तिथे मळ्याचा मालकच बहुधा मळा कसणारा आणि आसव विकणाराही होता, त्यामुळे नगरसभेत त्याला आवाज होता. दादर-माटुंग्याच्या झाडावरच्या भंडाऱ्याला मालकी नव्हती आणि १८९८ साली मतही नव्हते.

आणि इतक्या लांब तरी कशाला जावे? नाशिककडे पाहा. मुंबईत माडी-ताडीचा हा इतिहास घडून गेल्यावर, १९८० च्या दशकापासून नाशिक-नारायणगावच्या बाजूला वाइनचे कारखाने निघू लागले. पुण्याजवळ मांजरीला १९९७ साली द्राक्षांची राष्ट्रीय संशोधन संस्था झाली. २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्षांपासून होणाऱ्या वाइनला करात सूट देऊन या धंद्याला हात दिला. शेतकऱ्याच्या मालाला भाव मिळावा हे त्यामागचे कारण सांगितले गेले, आणि ते वाजवीच आहे. प्रयोगशाळा बागाईतदाराच्या पाठीशी उभी राहिली तर काय होते हे नाशिकच्या शेतकऱ्याने दाखविले आहे. द्राक्षाचा रस आंबला की शेतीमाल आणि माडाचा रस आंबला की अबकारी गुन्हा, हा न्याय मात्र मला अजून नीटसा उलगडलेला नाही. माडावर असे संशोधन शंभर वर्षांपूर्वी परळ-माटुंग्याला झाले असते, नीरा टिकविण्याची युक्ती हाफकिनच्या शेजारच्या खोलीत कोणी शोधली असती, तर दादरच्या वाड्यांतली चार झाडे तरी तगली असती, असे कधी कधी वाटते. त्या वाड्यांचे भाडे आणि त्या जमिनीचे भाव पाहता नसतीही तगली.

आमच्या कोळीवाड्याविषयी दोन शब्द सांगून थांबतो. फाळणीनंतर बराकींत आलेल्या पंजाबी मंडळींनी इथे खानावळी काढल्या. कोळणीकडून कोळंबी घ्यावी आणि ओवा, मिरची, बेसन लावून कडकडीत तळावी, असा एक प्रकार त्यांच्या हातून निघाला आणि ‘कोळीवाडा’ या नावाने तो देशभरच्या हॉटेलांत गेला. कोळणीच्या घरी कोळंबी अशी कधीच होत नसे. रेल्वे स्थानकाचे नाव एके काळी ‘कोळीवाडा’ होते, ते गुरू तेगबहादूर नगर झाले. म्हणजे स्थानकावरून कोळीवाडा उतरला तो खाद्यपदार्थांच्या यादीवर जाऊन बसला. मिठागरांवर वस्त्या आणि मालमोटारींचे तळ आले. खाडीत आता पूर्वीची मासळी नाही. तरुण पोरे नोकऱ्यांवर आहेत, आणि कोळणींतल्या कितीजणी घाऊक बाजारातून माल घेऊन विकतात.

१२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून न्हावा-शेव्यापर्यंत सागरी सेतू खुला झाला. तो बांधताना खाडीतल्या मासेमारीच्या जागा जातात हे सरकारला मान्य करावे लागले आणि त्या काठच्या कोळ्यांना भरपाई देण्याचे ठरले. पाण्यावर कोळ्याची मालकी नाही; तो तिथे केवळ आपला धंदा करतो. तरीही त्या धंद्याची नोंद झाली, जाळे टाकणाऱ्याचे नाव यादीत आले आणि त्यापुढे रक्कम मांडली गेली.